चुलीला आवतण

मंजुळाबाईच्या हातात पळी आली की तोंडात ओवी यायची. जात्यावर वाढलेली बाई. जातं साक्रीकडच्या गावात राहिलं, नवरा तिथल्याच मातीत राहिला, आणि मुलगा नीलेश नरोलीच्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागला म्हणून ती त्याच्या मागोमाग सिल्वासाला आली. पण नीलेशच्या भाड्याच्या खोलीत पोरं पाळीपाळीनं झोपायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच गोधडीवर रातपाळीवाला पडायचा. तिथं आईला कुठं ठेवणार? तेव्हा आमलीतल्या ख्रिस्ती मंडळीनं तिला प्रार्थनाघराच्या मागची खोली दिली. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि पुढं सारवलेलं अंगण. ती झाडलोट करायची, पाणी भरायची आणि रविवारची खिचडी रांधायची. बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिनं ओव्यांतला देव तेवढा बदलला, चाल तीच ठेवली.

ही खिचडी मंडळीच्या लोकांसाठी नव्हती. नव्वद सालच्या पुढंमागं सिल्वासात कारखाने असे उगवत होते जशी पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. माणसंही तशीच उगवायची आणि तशीच सुकायची. कुणाचं बोट प्रेसमध्ये गेलं, कुणाचा ठेकेदार पळाला, कुणाची कंबर गेली. आधी काम सुटायचं, मग खोली सुटायची, आणि मग माणूस बसस्टँडमागच्या पाण्याच्या टाकीखाली येऊन बसायचा. टाकीचे खांब म्हणजे भिंती, टाकी म्हणजे छप्पर.

अरविंद गावित हा मंडळीचा पाळक. नवापूरकडचा माणूस, आठवडाभर सुताच्या कारखान्यात फिटर. रविवारी हात कितीही घासले तरी नखांत ग्रीस राहायचं, आणि त्याच हातांनी तो आशीर्वाद द्यायचा. त्यानं हे सुरू केलं होतं. उपासना संपली की खिचडीचं पातेलं हातगाडीवर ठेवायचं आणि टाकीपाशी न्यायचं. त्याचा एक नेम होता, की वाढून पळायचं नाही. तिथं बसायचं, बोलायचं, कुणाला ताप असेल तर दवाखान्यात घेऊन जायचं. मग मंडळीतले सगळे आपापल्या घरी जेवायला परतायचे.

टाकीखालचे सगळे जेवायचे. एक बारकू तेवढा नाही.

बारकू मंजुळाबाईच्याच मुलखातला. ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. एक दिवस पाठीवर पोतं नीट बसलं नाही आणि कंबर जी वाकली ती वाकलीच. टाकीच्या कडेच्या खांबापाशी त्यानं तीन दगड मांडले होते, ती त्याची चूल. रविवारी दुपारी गाडी आली की तो पाठ फिरवायचा आणि राखेनं आपला टोप घासायला बसायचा. जेवून झालंय असं दिसावं म्हणून. मंजुळाबाईला आधी ते खरंच वाटलं. मग एकदा ती जवळून गेली तर टोप आरशासारखा लखलखत होता. घासायला त्यात काही नव्हतंच.

तिनं पान वाढून नेलं.

"नाना, दोन घास घ्या."

"माझं झालं, माय," तो म्हणाला आणि टोप घासत राहिला.

असं चार-दोन वेळा झालं. दर रविवारी त्याच्या गळ्याखालचे खळगे खोल झालेले दिसायचे. मंजुळाबाईचा जीव तिथं अडकला. रांधणाऱ्या बाईसमोर एक माणूस उपाशी बसतो आणि तिला काही करता येत नाही, याच्यासारखा दुसरा अपमान नाही. पळी हातात आली तरी ओवी येईना.

शेवटी तिनं सरुबाईला विचारलं. सरुबाई टाकीखालचीच, जव्हारकडची. दात थोडे, जीभ भरपूर.

"काय गं सरू, ह्या माणसाला आमच्या खिचडीचं वावडं आहे का? का आम्ही ख्रिस्ताचे म्हणून खात नाही?"

"त्याला ख्रिस्त काय नि किसन काय!" सरुबाई म्हणाली. "अगो बाय, त्याला आवतण नाय ना. बिनआवतणाचा तो सख्ख्या मामाच्या लग्नाला नाय गेला, एकटी मीच नाय, सगळी टाकी हे ऐकून आहे. गाडी येते, हाक मारते, आम्ही धावतो. तो म्हणतो, हाक गुरांना मारतात."

"मग जगतो कशावर?"

"रात्री ते रस्त्याचं काम करणारे मजूर त्याच्या चुलीवर रोटले भाजतात. तो दिवसभर निखारा राखून ठेवतो त्यांच्यासाठी, ते अर्धा रोटला देतात. पण आता काम किलवणीकडं सरकलंय. रोज येत नाहीत."

मंजुळाबाईनं यातलं 'आवतण' तेवढं ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं, आणि पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

ती पाळकाकडं गेली. अरविंद सायकलची चेन बसवत होता.

"दादा, बारकूनानांना आवतण द्यायचं म्हणते मी."

"मावशी, आपण सगळ्यांनाच बोलावतो की."

"बोलावणं वेगळं, आवतण वेगळं."

अरविंदानं चेन ओढून पाहिली. तोही खेड्यातलाच. "द्या," म्हणाला. "आला तर बरंच आहे."

शनिवारी उन्हं उतरल्यावर ती निघाली. पदराच्या टोकाला आवतणाचे मूठभर तांदूळ बांधले. कुंकवाचं बोट लावायला हात सवयीनं फळीकडं गेला आणि तिथंच थांबला. डबी आता नव्हती. कोरे तर कोरे, तिनं गाठ मारली.

टाकीपाशी येऊन ती चुलीच्या थोडी अलीकडं थांबली, उंबऱ्याबाहेर थांबावं तशी.

"बारकूनाना, आहात का घरात?"

बारकू सुंभाला पीळ घालत बसला होता. त्यानं मान वर केली. ही बाई थट्टा करतेय का, हे त्यानं आधी नीट पाहून घेतलं. मंजुळाबाईच्या तोंडावर हसू नव्हतं.

"आहे. या."

त्यानं अंगाखालचं पोतं झटकून तिला बसायला दिलं. लोट्यात पाणी दिलं. ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि गाठ सोडून तांदूळ चुलीच्या दगडावर ठेवले.

"उद्या दुपारी जेवायला यायचं. आवतण द्यायला आले."

बारकूनं तांदळाकडं पाहिलं. "कोरेच?"

"आमच्यात कुंकू लावत नाहीत."

"बरं. तांदूळ तर आहेत." त्यानं एक दाणा बोटानं सरळ केला. मग विचारलं, "घरटी एक, का चुलीला?"

खेड्यात वाढलेल्याला हे सांगायला नको. आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं यायचं, बाकीच्यांनी आपलं रांधून खायचं. चुलीला आवतण म्हणजे त्या चुलीवरचं जो जो खातो त्या सगळ्यांना, म्हातारे, पोरं, पाहुणेसुद्धा. आणि त्या दिवशी ती चूल पेटवायची नाही. मंजुळाबाईच्या बापाची ऐपत बेताचीच, पण मुलीच्या लग्नात त्यानं सगळ्या गल्लीला चुलीला आवतण दिलं होतं आणि गावानं ते पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवलं होतं.

तिनं पाहिलं. तीन दगड, एक टोप, एक माणूस.

"चुलीला!" ती म्हणाली. मोठ्यानं, मान ताठ करून.

बारकूनं तांदूळ गोळा केले आणि धोतराच्या सोग्यात बांधले. "येतो," म्हणाला.

परत येताना वाटभर तिची ओवी चालली होती.

पाव्हणा माझ्या दारी, कसा म्हणू मी परका
हातावर त्याच्या पाणी, पाट मांडते सारखा

रविवारी मंडळीचं प्रीतिभोजन होतं. महिन्यातून एकदा उपासनेनंतर मंडळीतली कुटुंबं अंगणातच एकत्र जेवायची. त्या दिवशी मटणाचा रस्सा आणि भात. त्याची सगळी व्यवस्था नारायणकडं. नारायण एका कारखान्यात स्टोअरकीपर. खिळासुद्धा बघून द्यायचा, मग मटणाचं काय सांगावं. माणूस वाईट नव्हता. पण पातेल्यावर झाकण ठेवल्यावर त्याच्यावर वीट ठेवायचा.

उपासना संपली. अरविंद आणि मंजुळाबाईनं खिचडीची गाडी बाजाररस्त्यानं टाकीपाशी नेली. आज बारकूनाना सगळ्यांबरोबर पानावर बसतील, म्हणून तिनं केळीचं एक अख्खं पान वेगळं आणलं होतं.

टाकीखाली कुणीही नव्हतं.

पोती गुंडाळून खांबाला टेकवलेली, गाडगीमडकी पालथी. आणि बारकूच्या चुलीत पाणी ओतलेलं. ओली राख दगडांमधून बाहेर आली होती. मंजुळाबाईनं वाकून राख चाचपली. विझवलेली चूल पाहिली की खेड्यातल्या बाईच्या मनात पहिला विचार मरणाचाच येतो.

"दादा, नाना गेले की काय?"

समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "ए मासी, किसको ढूंढती? सब तुमरे घर गये! नहा-धो के, कंघी मार के! रोडवाले भी गये."

"रोडवाले? ते कशाला?"

"चूला तो सब का एक ही है ना, मासी! यहां दूसरा चूला चौकीदार जलाने कहां देता है?"

मंजुळाबाईनं कपाळावर हात मारला. तिनं ती चूल पाहिली होती ती रात्र पडायच्या आधीची. त्या तीन दगडांवर अख्खी टाकी पाणी तापवायची, सरुबाई डाळ शिजवायची, आणि दाहोदकडचे ते रस्त्याचे मजूर शनिवारी रात्री किलवणीहून परतले की बायकापोरांसकट तिथंच रोटले भाजायचे. ज्या चुलीला आवतण दिलं तिच्यावर किती जण जेवतात, हे यजमानानं आधी विचारायचं असतं. ते तिनं विचारलं नव्हतं. आणि आवतण घेतलेला माणूस टाकीपाशी बसून गाडीची वाट कशाला पाहील? तो यजमानाच्या घरी जाणार. ते नाल्याकडच्या वाटेनं गेले, हे बाजाररस्त्यानं आले.

अरविंद आधी हसला. मग पातेल्यात डोकावला आणि हसायचा थांबला.

"चला मावशी. ढकला."

गाडी खडखडत परत निघाली. मंजुळाबाईच्या पायांत चपला होत्या त्या तिनं काढून गाडीवर टाकल्या. टाकीखालचे तर नेहमीचेच, त्यांच्यापुरती खिचडी होती. पण रस्त्याचे मजूर? आणि नाना? आज ते एवढ्या लोकांना घेऊन, सगळ्यांच्या देखत तिच्या दारातून उपाशी परत फिरले, तर पुन्हा कुणाच्या हातचं खाणार नव्हते. मरेपर्यंत नव्हते, आणि त्याला फार दिवस लागले नसते.

अंगणाच्या फाटकाबाहेर सगळे उभे होते. ओले केस, धुतलेली लुगडी, कडेवर पोरं. सरुबाईच्या डोक्याला तर तेल होतं. सगळ्यांच्या पुढं बारकू, वाकलेला, धुवट सदरा घातलेला. आत मंडळीची माणसं पानं मांडून उभी. मधे फाटकाला हात लावून नारायण.

"बरं झालं आलात, मावशी," नारायण म्हणाला. "हे म्हणतात आवतण आहे. मी म्हटलं, इथं नाही, वाटप टाकीपाशी असतं, तिथं जा. तर हा म्हातारा जागचा हलेना."

"वाटप नाही. आवतण," बारकू म्हणाला. नारायणकडं न बघता म्हणाला. मागं मजुरांतले एकदोघे पाय मागं घ्यायला लागले होते. एकीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, निघायच्या बेतानं.

बारकूनं मंजुळाबाईकडं पाहिलं.

"मंजुळाबाई, आम्ही घर चुकलो का?"

सगळं अंगण ऐकत होतं. माझ्या मनात टाकीपाशीचं जेवण होतं, असं म्हणता आलं असतं. तुम्ही एकटेच याल असं वाटलं होतं, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही खरंच होतं.

"नाही नाना," ती म्हणाली. "घर हेच. यजमानीणच दारात नव्हती, चूक माझी आहे. या आत."

नारायणच्या हाताखालून तिनं फाटक ढकललं. मग धावत जाऊन बादली आणि तांब्या आणला. फाटकाच्या आत उभी राहून तिनं आधी बारकूच्या पायांवर पाणी घातलं, मग सरुबाईच्या, मग एकेक करून सगळ्यांच्या. डांबरानं काळे झालेले पाय, भेगांत खडी बसलेले पाय. पाणी संपलं तेव्हा अरविंदानं दुसरी बादली आणून ठेवली.

"काय गं सरू, तेल कुणाचं ढापलंस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"चहावाल्याचं. भजी तळतो ना तो. वास घे!"

नारायणनं तिला पातेल्याशी गाठलं. "मावशी, रस्सा आपल्या माणसांपुरता आहे."

"मग पाणी घाला."

"किती घालू?"

"फाटकाकडं बघून घाला."

नारायणनं पाळकाकडं पाहिलं. अरविंद म्हणाला, "घाल नारायण. मीठ-तिखटाचं तेवढं बघ." नारायणनं झाकणावरची वीट उचलली. पाणी घालताना त्याचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्या स्वतःच्या पगारात पाणी पडतंय. मंडळीतल्या काही जणांनी डबे उचलले आणि आम्ही घरीच जेवतो म्हणून निघून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही. जे उरले त्यांच्यातल्या बायकांनी परातीत पीठ ओतलं.

मंजुळाबाई पुन्हा पळीवर आली तेव्हा जीभ आपोआप सुटली.

आवतण दिलं बाई, नाही मोजलं मानूस
डाळीला घाल पाणी, जिवा नको हिरमुसूस

"हे आधी सुचलं असतं तर!" नारायण पुटपुटला. तरी मिठाची मूठ मात्र त्यानंच टाकली.

पंगत मांडली. खिचडी, भात, रस्सा, भाकरीचा चतकोर, जे होतं ते सगळं सगळ्यांना. माणसं बसली. बारकू उभाच.

"बसा की, नाना."

"घरधनी कुठं बसणार?" त्यानं विचारलं.

अरविंदाच्या हातात भाताची परात होती. तो वाढणारच होता, नेहमीसारखा. इतके रविवार तो टाकीपाशी तासतासभर बसला होता. तिथल्या प्रत्येकाचं गाव, दुखणं, भांडण त्याला ठाऊक होतं. पण तिथं त्यानं एक घास खाल्ला नव्हता. ते त्याच्या आता ध्यानात आलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं परात नारायणकडं दिली आणि सरुबाईच्या शेजारी मांडी घातली.

"माझं पान इकडं मांडा."

"सरकून बसा, पाळकबाबा," सरुबाई म्हणाली, "तेलाचा डाग पडेल."

मग बारकू बसला. कंबर वाकलेली, त्यामुळं त्याला बसायला वेळ लागला. मंजुळाबाईनं त्याच्यापुढं केळीचं पान मांडलं. अरविंदानं प्रार्थना केली, ती आटोपशीर. रस्स्याचा वास सुटला असताना लांब प्रार्थना देवालाही नको असते. पंगत जेवायला लागली.

बारकूनं भाताचा लहान घास केला, रस्स्यात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घास केला. मग थांबला. मंजुळाबाई पळी हातात धरून उभी होती. आतडी आक्रसलेल्या माणसाला एकदम अन्न सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. उठून गेला तर? बारकूनं बोट रस्स्यात बुडवून पुन्हा चाखलं.

"मंजुळाबाई."

"काय नाना?"

"रस्सा पाणचट आहे."

भुरके थांबले. एका मजुराचा घास हातातच राहिला.

"घ्या!" नारायण म्हणाला. परात त्यानं खालीच ठेवली. "आपल्या पानातलं काढून वाढायचं, आणि वर हे नावं ठेवणार!"

मंजुळाबाईला मात्र मागचे रविवार आठवले. टाकीपाशी खिचडी कधी करपली होती, कधी कच्ची राहिली होती, एकदा तर मीठच पडलं नव्हतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. देव भलं करो म्हणायचे आणि खाली मान घालून खायचे. पंगतीत नावं ठेवतो तो व्याही, नावं ठेवतो तो जावई, नाहीतर घरोब्यातला सोयरा. उद्याही आपल्याला याच घरी बोलावतील, याची ज्याला खात्री असते तोच मिठाला नाव ठेवतो.

तिनं पळी कमरेला लावली.

"होणारच पाणचट!" ती कडाडली. "अख्खा डांबरी रस्ता उचलून आणलात जेवायला! घट्ट रस्सा पाहिजे होता तर चूल लहान मांडायची होती!"

सरुबाईला ठसका लागला. तिच्या पाठीवर मारता मारता अरविंदाला हसू आवरेना, आणि मग दाहोदच्या त्या मजुरांना मराठी अर्धीच कळली होती तरी तेही हसायला लागले. नारायण तेवढा हसला नाही, पण त्यानं परात उचलली.

बारकूच्या मिशा हलल्या. त्यानं पानावरचा रस्सा भाताच्या घासानं नीट पुसून घेतला, तो घास खाल्ला, आणि पान दोन बोटांनी पुढं सरकवलं.

"मग वरवरचं काय वाढता?" तो म्हणाला. "ढवळून वाढा. तळाशी घट्ट असतो."

मंजुळाबाई पातेल्यावर वाकली, आणि पळी तळाला टेकेपर्यंत तिनं हात खाली घातला.